सातवं कलम आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या

हे प्रकरण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी वाड्यात घडलं. माणसं रोजच्या ओळखीची, म्हणून नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शेजारी देशांमधले मैत्रीचे आणि सहकार्याचे तह हा माझा वर्गातला सर्वांत आवडता भाग होता. या प्रकरणातली पहिली चूक त्या आवडीपोटीच झाली आणि ती माझी आहे. ती कशी झाली, मग काय काय करून पाहिलं आणि आज गोष्ट कुठे येऊन थांबली आहे, हे सगळं क्रमानं लिहिते.

पार्श्वभूमी

वाडा जुना आहे, दगडी जोत्याचा, मधे चौक. मालकीण आजी तेव्हा 82 वर्षांच्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सख्ख्या दिराचा मुलगा पुण्यात नोकरीला. वाटण्या पूर्वीच झालेल्या असल्यामुळे हा भाग आजींच्या एकट्या मालकीचा होता आणि त्यांच्यामागे तो पुतण्याकडे जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे 1999 पासून एक नेपाळी कुटुंब राहतं. ते सुदूर पश्चिम नेपाळातले, सीमेवरचा बनबसाचा पूल ओलांडून इकडे आलेले. आले तेव्हा अख्खी गल्ली त्यांना ‘बहादूर’ म्हणायची. एके दिवशी त्यांनी आजींना सांगितलं, हे माझं नाव नव्हे. तेव्हापासून आजींनी त्यांना ‘दाजू’ म्हणायला सुरुवात केली. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. आजी त्यांच्याहून तीसएक वर्षांनी मोठ्या, तरी ‘दाजू, जरा येता का वर?’ असंच म्हणायच्या. दाजू त्यांना ‘आमा’ म्हणत. दाजूंच्या बायकोला सगळे ‘भाउजू’, म्हणजे वहिनी, म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ते ‘भाऊजी’ ऐकू येतं आणि दर वेळी उलगडून सांगावं लागतं.

आजींचं औषधपाणी, वीजबिल, गणपतीच्या दिवसांतली आरास, श्राद्धाचा स्वयंपाक हे सगळं या दोघांवर होतं. आजींचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा भाउजू तीन महिने त्यांच्या पायथ्याशी झोपत. त्यांची मुलगी 2006 मध्ये इथेच, ग्वाल्हेरच्या दवाखान्यात जन्मली. ती आजींकडे अथर्वशीर्ष शिकली आणि तिचं मराठी माझ्या नातवापेक्षा शुद्ध आहे.

2022 च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, आजींनी मला बोलावून सांगितलं, ‘या दोन खोल्या मला दाजूंच्या नावे करायच्या आहेत. मी डोळे मिटल्यावर कुणी त्यांना बाहेर काढायला नको. तू शिकवलंयस ना नेपाळचं सगळं? होईल ना?’

मी म्हटलं, ‘का नाही होणार? 1950 चा तहच आहे. सातव्या कलमात मालमत्तेचा हक्क स्पष्ट दिलेला आहे.’

अडचण

माझ्या त्या एका वाक्यावर माणसं कामाला लागली. पावसाळ्यात तळमजल्याला ओल यायची. खोल्या आता आपल्याच होणार म्हणून दाजूंनी साठवलेल्या पैशातून फरशी, छताची डागडुजी आणि वेगळं वीजमीटर करून घेतलं. 4 लाख रुपये गेले. आयुष्यभराच्या बचतीतला तो मोठा हिस्सा होता. कागद एकही झालेला नव्हता.

जानेवारी 2023 मध्ये रजिस्ट्रीची तयारी सुरू झाली. मध्य प्रदेशात ती ‘संपदा’ या ऑनलाइन प्रणालीतून होते आणि सर्व्हिस प्रोव्हायडर कागद भरून देतो. त्यानं आधार आणि पॅन मागितलं, दाजूंकडे दोन्ही होतं. आधारवर नागरिकत्व लिहिलेलं नसतं. सगळं सरळ पार पडलं असतं. पण आजींच्या ओळखीच्या वकीलसाहेबांनी मसुदा वाचता वाचता सहज विचारलं, ‘दाजू भारताचे नागरिक आहेत का?’

दाजू म्हणाले, ‘नाही साहेब. माझी नागरिकता नेपाळची.’

वकीलसाहेबांनी कागद बाजूला ठेवले आणि परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालचा नियम काढून दाखवला. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान, हाँगकाँग, मकाऊ आणि उत्तर कोरिया इथल्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा चालतो. माणूस इथे किती वर्षं राहतो, यानं फरक पडत नाही.

ज्या देशाला पासपोर्ट आणि व्हिसाशिवाय आपली सीमा उघडी आहे, ज्याचे तरुण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गोरखा पलटणींत लढले, तो देश पाकिस्तान आणि चीनसोबत एकाच यादीत. मी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं सातवं कलम शिकवलं, पण त्याच्याखाली कोणता नियम उभा आहे हे एकदाही पाहिलेलं नव्हतं.

तहात खरोखर काय आहे

इथे थोडं थांबून तहाबद्दल लिहायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्या समजेवर ठरले.

भारत-नेपाळ शांतता आणि मैत्रीच्या तहावर 31 जुलै 1950 रोजी काठमांडूत सह्या झाल्या. नेपाळतर्फे पंतप्रधान मोहन शमशेर जंगबहादूर राणा यांची सही होती, भारतातर्फे राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांची. एकीकडे पंतप्रधान, दुसरीकडे राजदूत, हा सल नेपाळात आजही बोलून दाखवला जातो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना राणा हे नाव परकं नाही. राजमाता विजयाराजे शिंदे यांचं आजोळ त्याच राणा घराण्याचं. त्यामुळे आमच्याकडे नेपाळ म्हटलं की आधी नातं आठवतं, मग सीमा.

त्या वर्षी जग दुभंगलेलं होतं. सह्यांच्या पाचच आठवडे आधी कोरियात युद्ध पेटलं होतं. चीनमध्ये ऑक्टोबर 1949 मध्ये कम्युनिस्ट राजवट आली होती आणि सह्यांनंतर तीन महिन्यांच्या आत चिनी फौजा पूर्व तिबेटात शिरल्या. दिल्लीला हिमालयाची काळजी होती, राणांना स्वतःच्या गादीची. नोव्हेंबर 1950 मध्ये राजे त्रिभुवन यांनी काठमांडूतल्या भारतीय दूतावासात आश्रय घेतला आणि फेब्रुवारी 1951 मध्ये राणांची सत्ता गेली. म्हणजे सही करणाऱ्याची एकहाती सत्ता सहा-सात महिन्यांत गेली, तह मात्र आजही चालू आहे.

तह लहान आहे, सगळी मिळून दहा कलमं. दुसऱ्या कलमात असं आहे की कुठल्या शेजारी राष्ट्राशी गंभीर कुरबुर झाली आणि तिचा आपल्या मैत्रीवर परिणाम होण्याजोगा असला तर एकमेकांना कळवायचं. सातव्यात राहणं, मालमत्तेची मालकी, व्यापार आणि ये-जा याबाबत एकमेकांच्या नागरिकांना, परस्पर तत्त्वावर, सारख्याच सवलती देण्याचं मान्य केलं आहे. दहाव्यात म्हटलं आहे की कोणत्याही बाजूला एक वर्षाची नोटीस देऊन तह संपवता येईल.

सातवं कलम वाचताना मी ‘परस्पर’ या शब्दावरून घाईनं पुढे जात होते. तहासोबत जी पत्रं दिली-घेतली गेली त्यात भारतानं मान्य केलं होतं की नेपाळातल्या नेपाळी माणसाला काही काळ खुल्या स्पर्धेपासून संरक्षण लागेल. नेपाळानं पुढे भारतीयांना तिथे जमीन घेऊ दिली नाही. लहान देशाची ती भीती मला समजते. मोठ्या शेजाऱ्याच्या पैशापुढे तराईतली, म्हणजे सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातली, शेतं टिकली नसती. पण पारस्परिकता तिकडून राहिली नाही आणि इकडे भारतीय कायद्यानं परवानगीची अट घातली. शिवाय दुसऱ्या देशाशी केलेला तह आपल्याकडे आपोआप कायदा होत नाही. तो अंमलात आणायला संसदेला कायदा करावा लागतो, नाहीतर नोंदणीच्या टेबलावर नियमच चालतो.

आजींना मी हे एका वेगळ्या उदाहरणानं समजावलं. भारत आणि बांगलादेश यांनी सीमेवरच्या छिटमहालांचा, म्हणजे एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांचा, प्रश्न सोडवण्यासाठी 16 मे 1974 रोजी करार केला. आपल्याकडे त्यासाठी घटनादुरुस्ती लागली आणि ती, शंभरावी, 2015 मध्ये झाली. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री 162 छिटमहालांची अदलाबदल झाली. मधली 41 वर्षं तिथली माणसं ना इकडची ना तिकडची. ना धड शाळा, ना वीज, ना कागद. आजी ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे सही झाली म्हणून घर झालं असं नव्हे.’

समोरचे पर्याय

वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात दोन बैठका झाल्या. पहिलीत आजी, दाजू, भाउजू आणि मी. दुसरीला पुण्याहून पुतण्या आला.

पहिला पर्याय कुणीतरी मांडलाच: आधार आहे, पॅन आहे, कुणी विचारलेलं नाही, तर गप्प राहून रजिस्ट्री करून टाकावी. असे व्यवहार होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. वकीलसाहेबांनी सांगितलं की या कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि मालमत्ता जप्तही होऊ शकते. त्याआधीच दाजू बोलले. ‘आमा, चोवीस वर्षं मी इथे मान वर करून राहिलो. आता खोट्या कागदावर राहू?’ तो पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय मुलीच्या नावाचा. ती ग्वाल्हेरची, इथेच जन्मलेली, म्हणजे ती तरी भारतीय असणार, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तसं नाही. 1 जुलै 1987 पूर्वी इथे जन्मलेलं मूल जन्मानं नागरिक होतं. त्यानंतर आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असणं आवश्यक झालं. 3 डिसेंबर 2004 पासून नियम आणखी कडक झाला. आई आणि वडील दोघेही नेपाळी नागरिक असताना 2006 मध्ये जन्मलेली मुलगी कायद्यानं भारतीय ठरत नाही. हे ऐकून तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. ती काही न बोलता चहाचे कप उचलून आत गेली.

तिसरा, दाजूंनी भारताचं नागरिकत्व घ्यावं. बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो आणि त्यांची त्याच्या दुप्पट वर्षं झाली होती. पण नेपाळ दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिथलं सोडावं लागलं असतं आणि त्याबरोबर डोंगरउतारावरची वडिलोपार्जित शेती. दाजूंनी विचार करायला आठ दिवस मागितले. 2020 मध्ये टाळेबंदीत सीमा बंद झाली, तेव्हा त्यांची आई तिकडे वारली आणि त्यांना जाता आलं नव्हतं. बनबसाच्या पुलाच्या या टोकावर हजारो नेपाळी अडकून पडले होते, त्यात त्यांचा भाऊही होता. आठ दिवसांनी त्यांनी सांगितलं, ‘आईच्या वेळी पोचलो नाही. तिच्या जमिनीवरून नाव पुसू शकत नाही.’ त्यावर कुणी काही बोललं नाही.

रिझर्व्ह बँकेकडे परवानगी मागणं हा सरळ मार्ग होता. पण दाजूंच्या नागरिकतेच्या कागदावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, ते आधी नेपाळात जिल्हा कार्यालयात जाऊन दुरुस्त करावं लागणार होतं. आजींची तब्येत उतरणीला लागलेली. किती वेळ लागेल हे वकीलसाहेबांनाही सांगता येईना. मृत्युपत्राबद्दल त्यांचं म्हणणं असं की परवानगीचा प्रश्न तेव्हाही उभा राहील, फक्त उत्तर द्यायला आजी नसतील.

उरला पाच वर्षांचा भाडेपट्टा. सगळ्यांत लहान, पण आजच करता येण्याजोगा.

पुतण्या बैठकीला आला तो मनात काही धरूनच. मे 2020 मध्ये सीमेवरच्या लिपुलेख खिंडीच्या रस्त्यावरून वाद झाला आणि नेपाळानं कालापानी, लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा काढला. तेव्हा त्यानं फोनवर दाजूंनाच ऐकवलं होतं की तुमच्या सरकारनं आमची जमीन घेतली. दाजूंनी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आता तो मला म्हणाला, ‘मावशी, ही लोकं चांगली आहेत, मला मान्य आहे. पण उद्या बिनसलं तर? काकू हळव्या झाल्यात.’

हे बोलणं वाईट हेतूचं नव्हतं. ज्याचा वारसा आहे तो विचारणारच. गंमत म्हणजे दाजू बोलता बोलता ‘सन्धि’ म्हणाले आणि पुतण्याला वाटलं ते मराठी ‘संधी’बद्दल बोलताहेत. ‘संधी कसली?’ त्यानं जरा चढ्या आवाजात विचारलं. आम्ही ग्वाल्हेरची माणसं हिंदीत वाढलेली, आम्हाला अर्थ कळला होता. दाजूंनी शांतपणे सांगितलं, ‘तह. बाई शिकवतात तो.’ तणाव तिथे जरा सैल झाला.

काय केलं

निर्णय असा झाला की भाडेपट्टा करायचा आणि तो नीट लिहायचा. मी तहाची छापील प्रत आणली होती. पुतण्यानं ती चाळली, दहावं कलम वाचलं आणि म्हणाला, ‘एका वर्षाच्या नोटिशीवर मोडता येते ही मैत्री?’ त्याला ते कमकुवत वाटलं. वकीलसाहेबांना उलट वाटलं. ते म्हणाले, एक वर्ष म्हणजे पुष्कळ. कुणालाही रातोरात बाहेर काढता येत नाही. हेच आपण घेऊ.

मग दोन संध्याकाळी बसून पुढच्या गोष्टी ठरल्या. पट्टा 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2028, पूर्ण पाच वर्षांचा, रीतसर नोंदवलेला. एका वर्षापेक्षा मोठा पट्टा नोंदवावाच लागतो, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. आपोआप नूतनीकरणाची अट घालायची नाही, कारण मग तो पाचाहून मोठा पट्टा आहे असं कुणी म्हणू शकेल. पुढे वाढवायचा झाला तर नवा कागद. वाढवायचा नसेल तर मालकानं 31 मार्च 2027 पूर्वी तसं लेखी कळवायचं. दाजूंनी दुरुस्तीवर घातलेले 4 लाख रुपये ही परत करायची अनामत आहे असं आजींनी लिहून दिलं. ती रक्कम हातात पडल्याशिवाय खोल्या रिकाम्या करायच्या नाहीत. आणि एक कलम मी सुचवलं, तहाच्या दुसऱ्या कलमावरून: वाडा किंवा त्याचा भाग विकण्याबद्दल कुणाशीही बोलणं सुरू केलं तर मालकानं पंधरा दिवसांच्या आत दाजूंना कळवायचं. दाजूंनीही घरात कुणी पाहुणा महिन्याहून जास्त राहणार असेल तर कळवायचं. हे दुसरं वाक्य पुतण्याचं होतं आणि दाजूंनी ते लगेच मान्य केलं.

पुतण्यानं संमतीची सही केली. ती सही घेण्याचा आग्रह वकीलसाहेबांचा. भाडेपट्टा वारसाला बांधतोच, पण त्यानं मसुदा स्वतः वाचून, स्वतः दोन शब्द घालून सही केली, याचं मोल वेगळं आहे असं ते म्हणाले. ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली, तिथे पहिल्यांदाच नागरिकत्वाच्या रकान्यात ‘नेपाळ’ असं लिहिलं. मुलीनं नेपाळात जाऊन वंशजाच्या नात्यानं आपली नागरिकता काढून घेतली. तिच्याकडे आजवर कुठल्याच देशाचा कागद नव्हता.

परिणाम

आजी सप्टेंबर 2024 मध्ये गेल्या. शेवटचे दिवस भाउजूच जवळ होत्या. तेराव्यापर्यंत पुतण्या राहिला आणि जाताना किल्ल्यांचा जुडगा दाजूंच्या हाती देऊन गेला.

कागदाची परीक्षा 2025 च्या उन्हाळ्यात झाली. एक दिवस एक माणूस टेप घेऊन चौकात मोजमाप करू लागला. दाजूंनी विचारलं तेव्हा कळलं की तो एका बिल्डरचा माणूस. पुतण्याचं बोलणं तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालं होतं. पंधरा दिवस उलटून गेले होते, निरोप नव्हता. दाजू माझ्याकडे आले, हातात पट्टा. रागावलेले नव्हते, दुखावलेले होते.

मी पुण्याला फोन केला. पुतण्या म्हणाला, अजून काही ठरलेलंच नाही तर काय कळवायचं? मी त्याला ते कलम वाचून दाखवलं: ‘बोलणं सुरू केलं तर’. तो गप्प झाला. संध्याकाळी त्यानं दाजूंना स्वतः फोन केला आणि बिल्डरला पट्ट्याची प्रत पाठवली. 2028 पर्यंत तळमजला रिकामा होणार नाही आणि 4 लाखांची अनामत आहे हे कळल्यावर बिल्डरनं बोलणं पुढे ढकललं. मिटलेलं नाही.

म्हणजे दाजूंना घर मिळालं नाही, पाच वर्षं मिळाली. आजींची इच्छा अर्धीच पुरी झाली. नावाची दुरुस्ती दाजूंनी मागच्या दशैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, गेले तेव्हा करून आणली आहे. परवानगीचा अर्ज आता करता येईल, पण खोल्या देणारी आजी नाही आणि पुतण्या तेवढं द्यायला तयार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाडव्याच्या दिवशी मी ‘होईल’ म्हणायच्या ऐवजी ‘बघून सांगते’ म्हणायला हवं होतं. तहाचं कलम आणि कार्यालयातला नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्गात सांगत आले. समोर माणूस बसलेला असताना विसरले. त्या उत्तरावर 4 लाख रुपये खर्च झाले. अनामत म्हणून ते वाचले, पण ते आजींच्या सरळपणामुळे. त्यांनी लिहून दिलं नसतं तर दाजूंकडे दाखवायला काहीच नव्हतं.

परवानगीचा अर्ज आम्ही वेळ लागेल म्हणून केला नाही. आज वाटतं, भाडेपट्टा आणि अर्ज दोन्ही एकाच दिवशी सुरू करता आले असते. आजी त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष होत्या. कदाचित परवानगी मिळाली नसती. पण मागितली होती, हे तरी राहिलं असतं.

कळवण्याच्या कलमात आम्ही कुणी, कसं, कुठल्या कागदावर कळवायचं हे लिहिलं नाही. ‘बोलणं’ म्हणजे काय याची व्याख्या केली नाही. तहांचंही असंच होतं. दुसऱ्या कलमातल्या ‘गंभीर कुरबुर’ या शब्दांचा अर्थ दिल्ली आणि काठमांडू आपापल्या सोयीनं लावत आल्या आहेत. हा तह तपासायला 2016 मध्ये दोन्ही देशांच्या चार-चार जाणत्या व्यक्तींचा गट नेमला गेला. त्यांचा अहवाल 2018 मध्ये तयार झाला आणि तसाच पडून आहे, दोन्ही पंतप्रधानांनी तो स्वीकारलेला नाही. दुरुस्ती अशक्य असते असं नाही. भूतानशी 1949 साली झालेल्या तहात परराष्ट्र व्यवहारात भूताननं भारताच्या सल्ल्यानं चालावं असं होतं. फेब्रुवारी 2007 मध्ये ते वाक्य काढून, राष्ट्रीय हिताच्या बाबतीत एकमेकांना निकटचं सहकार्य करू, असं घातलं गेलं. दोघं बसले, वाचलं, बदललं. बांगलादेशाशी 1972 मध्ये 25 वर्षांचा मैत्री तह झाला, 1997 मध्ये मुदत संपली आणि कुणीच तो पुढे नेला नाही. 2028 मध्ये वाड्याचं यांपैकी काय होणार, हे आधीच बसून ठरवायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतंय.

आणि मुलीला बैठकीत आधी बसवायला हवं होतं. तिच्याबद्दलचा नियम तिनं चहा देताना दारातून ऐकला. तो तिला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवा होता. ती आता बी.कॉम. करते आहे आणि नागरिकत्वासाठी स्वतः अर्ज करायचा की नाही याबद्दल कुणाशी बोलत नाही.

सध्या

मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दाजूंच्या स्वयंपाकघरात बसले होते. स्पीकरवर त्याचा आवाज आला. ‘दाजू, 2027 ची नोटीस मी देणार नाही. बिल्डरचं काही झालं तरी मागच्या बाजूच्या दोन खोल्या तुमच्यासाठी ठेवीन. काळजी करू नका.’

भाउजूंनी डोळ्यांना पदर लावला. दाजू थोडा वेळ गप्प होते. मग मराठी सोडून आपल्या भाषेत, अगदी हळू म्हणाले, ‘भाइ, लेखेर दिनुस्.’

पुतण्याला कळलं नाही. मुलीनं आतून सांगितलं, ‘दादा, बाबा म्हणतात, लिहून द्या.’

आठ दिवसांनी स्पीड पोस्टानं पत्र आलं. एका पानाचं, हातानं लिहिलेलं, खाली सही आणि तारीख. दाजूंनी ते वकीलसाहेबांना दाखवलं. त्यांनी त्यात एक शब्द बदलायला सांगितला: ‘ठेवीन’च्या जागी ‘भाड्याने देईन’. पत्र दुरुस्तीसाठी पुण्याला परत गेलं आहे.